मागच्या चाकाचा चार बोटांचा प्रवास

निपाणीहून राधानगरीकडे जाणारा रस्ता मुरगूडमधून जातो. वेदगंगेच्या काठचं, कागल तालुक्यातलं हे गाव, चहूबाजूंनी ऊस. गळीत हंगाम लागला की हमीदवाड्याच्या आणि बिद्रीच्या कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या रस्त्याचा मधला भाग आपलाच समजतात. मोटारसायकलवाल्याच्या वाट्याला कड येते: तुटलेलं डांबर, साइडपट्टीची खडी, मधेच एखादा गतिरोधक. शेताकडे वळलं की पाणंद सुरू होते. तिथं पावसाळ्यात पडलेले ट्रॅक्टरचे चर उन्हाळ्यापर्यंत वाळून टणक झालेले असतात. या सगळ्यावरून दहा-पंधरा वर्षं वापरलेली शंभर सीसीची गाडी रोज दोन माणसं नेते, कधी तीन, कधी मागे वैरणीचा भारा. चालवणाऱ्याला फारसं काही वाटत नाही. मागे बसलेल्याची कंबर मात्र घरी आल्यावर बोलायला लागते.

ही तक्रार आपण बांधकाम खात्यावर टाकून मोकळे होतो. तिथं ती टाकायलाच हवी, पण तिचा चांगला मोठा हिस्सा गाडीच्या मागच्या चाकापाशी असतो आणि तो आपल्या हातातला आहे. ‘शॉकअप बसलेत’ एवढं म्हणून जुनी गाडी तशीच रेटली जाते, नाहीतर कुणीतरी पाना घेऊन स्प्रिंग आणखी आवळून देतो. स्प्रिंग ही पोलादाची, सहजासहजी न मरणारी वस्तू आहे. जुन्या गाडीत आधी मरतं ते शॉकअपमधलं तेल, आणि झिजतात ते दोन-चार बुश. त्यामुळे गाडी कडक आहे की मऊ, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. चाकाला बसलेला दणका पुढे कुठे जातो, हे पाहायचं.

साध्या मोटारसायकलीत मागच्या चाकाला वर-खाली व्हायला आठ-दहा सेंटिमीटर जागा मिळते. जेमतेम चार-पाच बोटं. खड्ड्यापासून मणक्यापर्यंत जाणाऱ्या दणक्याचा जो काही निकाल लावायचा तो एवढ्या जागेत. ती जागा संपली की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून शॉकअपच्या दांड्यावर रबराचा एक गट्टू असतो. मोठ्या खड्ड्यात ऐकू येणारा ‘ठक’ तो त्याचा.

आता पाठीकडे. माणसाचं शरीर सगळ्या हादऱ्यांना सारखं मानत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं आयएसओ २६३१ हे मानक १९७४ साली निघालं. बसलेल्या किंवा उभ्या माणसाला किती कंपन किती वेळ सोसतं, याचा हिशेब त्यात आहे. त्यानुसार उभ्या दिशेच्या हादऱ्यांत सेकंदाला ४ ते ८ वेळा येणारे हादरे माणसाला सर्वांत जाचतात, कारण धड आणि पोटातले अवयव याच सुमाराला स्वतःही डोलू लागतात. सेकंदाला एक-दीड वेळा होणारी हालचाल मात्र झोप आणते. चालताना आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, तेव्हा तेवढ्याची शरीराला जन्माची सवय आहे. रस्त्याचं गणित याच्या विरुद्ध जातं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. रस्त्यावर दर दोन मीटरला एक उंचवटा असेल, तर चाकाला सेकंदाला पाच-सहा धक्के बसतात, म्हणजे पाठीच्या बरोबर दुखऱ्या भागात.

स्प्रिंगवर बसवलेलं वजन सेकंदाला किती वेळा डोलेल, हे ते वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती दबली यावरून काढता येतं. २५ मिलिमीटर दबली तर तीनहून थोडं जास्त, १०० मिलिमीटर दबली तर दीडच्या जरा वर. सेकंदाला एकच डुलकी हवी असेल, तर स्प्रिंग नुसत्या वजनानं पाव मीटर दबली पाहिजे. चार-पाच बोटांच्या जागेत पाव मीटर कुठून आणणार? म्हणून साधी मोटारसायकल सेकंदाला दोन-तीन डुलक्यांच्या आसपास राहते आणि तिला झोपाळा करण्याचा कुठलाही प्रयत्न जागेअभावी फसतो. हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

लाकडी चाकाच्या बैलगाडीत ही जागाच नव्हती. चाकावर लोखंडी धाव, चाकाच्या मधोमध तुंबा, त्यातून आस, आणि आसावर थेट गाडीचा सांगाडा. प्रत्येक दगडाचा हिशेब गाडीवानाच्या माकडहाडाशी आणि जुवाखालच्या मानांशी. रबरी चाकं आली आणि ऊसवाहतुकीत पहिल्यांदा दणका शोषणारं काहीतरी मधे आलं: हवा. हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ सालीच मांडून पेटंट घेतलं होतं, पण ती टिकली नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच पुन्हा शोधली आणि या वेळी ती जगभर गेली. पुढे आपल्याकडे बैलगाडीसाठी खास टायर बनू लागले. बंगळूरच्या आयआयएमचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडी सुधारण्याचं काम वर्षानुवर्षं लावून धरलं. मॅनेजमेंटच्या प्राध्यापकाला जुवाचा विचार करावासा वाटला, याचं मला फार कौतुक वाटतं. अलीकडे, २०२२ मध्ये, शेजारच्या इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ नावाची जोडणी केली: बैलांच्या मधे, गाडीच्या पुढच्या भागाखाली एक तिसरं चाक, म्हणजे मानेवरचा भार जमिनीवर उतरतो.

मोटारसायकलचाही प्रवास असाच मागून झाला. सुरुवातीच्या गाड्यांना मागे काहीच नव्हतं. चाक थेट सांगाड्याला ठोकलेलं आणि सीटखाली दोन जाड स्प्रिंगा. तशा स्प्रिंगा जुन्या बुलेटच्या एकट्या सीटखाली अजून पाहायला मिळतात. इंग्लंडच्या फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ मध्ये मागचा संपूर्ण त्रिकोण सांध्यावर हलणारा केला आणि स्प्रिंगा सीटखाली दडवल्या, पण बाकीच्यांनी ते मनावर घेतलं नाही. काही कारखान्यांनी आसाच्या दोन्ही टोकांना उभ्या नळ्या बसवून त्यांत चाक थोडं वर-खाली सरकू दिलं. चेकोस्लोव्हाकियातल्या जावानं १९४६ साली आणलेल्या अशा गाडीला लोकांनी ‘पेराक’ हे नाव ठेवलं. महायुद्धाच्या काळात प्रागच्या गल्ल्यांतून स्प्रिंगांवर उड्या मारत पळणाऱ्या एका काल्पनिक वीराचं ते नाव होतं.

खरा बदल झाला तो मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात त्या भागामुळे. इंजिनच्या मागे एका सांध्यावर दोन पायांचा चिमटा, त्याच्या टोकात चाक, आणि चिमट्यापासून सांगाड्यापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक शॉकअप. रॉयल एन्फील्डनं १९४८ मध्ये अशी बुलेट स्पर्धांत उतरवली आणि १९४९ मध्ये विक्रीला आणली. मागे स्प्रिंग लावली की चाकाची पकड जाते, अशी तेव्हाच्या डोंगरी स्पर्धकांची ठाम समजूत होती. वस्तुस्थिती उलटी निघाली. ताठ गाडीचं चाक दगडावरून उडतं आणि हवेत असलेल्या चाकाला पकड कसली? चिमट्यातलं चाक जमिनीला धरून राहतं. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी उभी राहिली, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली, आणि चिमटा-शॉकअपची ही जोडी आपल्याही गावात पोचली. शहरी घरांत पोचली ती मात्र बजाजची चेतक, १९७२ पासून. तिची तऱ्हा वेगळी. तिच्यात मागच्या चाकाबरोबर अख्खं इंजिनच वर-खाली होतं, आणि चाक लहान असल्यानं खड्ड्यात खोल उतरतं. स्प्रिंगच्या खालचं वजन जितकं जास्त, तितका दणका वर जास्त. म्हणून चेतकवर मागे बसलेल्यांच्या पिढीला शॉकअपचं कौतुक कधी वाटलंच नाही.

मागच्या शॉकअपचं दुखणं पुढच्यापेक्षा अवघड का, याचं उत्तर वजनात आहे. गाडी सुमारे ११० किलोची, चालवणारा ६५ किलोचा. या दोघांचा मागच्या चाकावर पडणारा भार सुमारे १०५ किलो. आता मागे ६० किलोचं माणूस बसलं. ते जवळपास आसाच्या डोक्यावरच बसतं, म्हणून त्याचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकावर. पुढच्या चाकाला पत्ताही लागत नाही. मागच्यावरचा भार दीडपटीवर गेला. समजा स्प्रिंग चाकापाशी दर मिलिमीटरला अडीच किलो उचलते, चाकाला ८५ मिलिमीटर जागा आहे आणि एकट्यानं बसल्यावर त्यातली ३० वापरली गेली. डबलसीट झाल्यावर आणखी २४ गेली. उरली ३१. त्यावर तीस किलोचा भारा लादला की १२ आणखी गेली, आणि खड्ड्यासाठी दोन सेंटिमीटरदेखील शिल्लक नाहीत. मग रबराचा गट्टू ठक-ठक करतो आणि आपण म्हणतो, शॉकअप बसलेत.

यावर कंपनीनं दिलेला उपाय म्हणजे शॉकअपच्या खालच्या टोकाच्या पाच-सहा खाचा. हूक पान्यानं कडं फिरवलं की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. इथं एक गैरसमज फार पक्का आहे, आणि तो चांगल्या चांगल्या मेकॅनिकांच्या तोंडीही असतो: खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते. नाही होत. दर मिलिमीटरला अडीच किलोची स्प्रिंग अडीच किलोचीच राहते. खाचेनं फक्त गाडी वर उचलली जाते, म्हणजे डबलसीटनं खाल्लेली जागा परत मिळते. म्हणून दोघं असताना खाच वर, एकट्यानं असताना खाली, हा तिचा उपयोग. आपल्याकडे लग्नानंतर एकदा वर गेलेली खाच गाडी विकेपर्यंत खाली येत नाही. मग एकट्यानं जाताना चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी उडते.

हे मोजायला मीटरपट्टी पुरते. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन मागचं चाक लोंबतं ठेवायचं आणि आसाच्या मध्यापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत सरळ वर अंतर घ्यायचं. मग गाडी जमिनीवर, नेहमीचा माणूस सीटवर, पाय पायदानावर, दुसऱ्या कुणीतरी फक्त तोल धरायला उभं राहायचं, आणि तेच अंतर पुन्हा. दोन्ही मापांतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या पाव ते तृतीयांश यावा. कमी आला तर खाच खाली, जास्त आला तर वर. वरच्या टोकाच्या खाचेवर नेऊनही फरक मोठाच राहिला, तर मग स्प्रिंग खरोखर कमजोर आहे किंवा तुमच्या ओझ्याला अपुरी आहे.

स्प्रिंग बदलताना एक चमत्कारिक नियम लक्षात ठेवावा लागतो. गुंडाळी स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. सात मिलिमीटरच्या तारेऐवजी ७.७ मिलिमीटरची तार घेतली, म्हणजे फक्त दहा टक्के जाड, तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. डोळ्यांना फरक कळत नाही, पाठीला लगेच कळतो. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे ‘जाडजूड’ शॉकअप आणून बसवणाऱ्यांचा घोळ होतो तो इथेच. आणि गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचा एक वेढा कापणारे जे करतात, त्यानं गाडी मऊ होत नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग आणखी कडक होते. वेढ्यांच्या मधे रबर कोंबण्याचाही परिणाम तोच. त्यानं एक-दोन वेढे कामातून जातात.

एकट्याला मऊ आणि दोघांना कडक अशी एकच स्प्रिंग हवी, हे कोडं कारखान्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं सोडवलं. बजाजनं सीटी-१०० आणि प्लॅटिनासारख्या गाड्यांत स्प्रिंगच्या आत दुसरी स्प्रिंग बसवली. ‘एसएनएस’ ही अक्षरं त्याचीच. आपल्या गाडीचा मागचा भाग कमी आपटतो या दाव्यावरही प्लॅटिना खेड्यापाड्यांत विकली गेली, हे मला लक्षणीय वाटतं. शक्ती आणि मायलेजच्या जाहिरातींत पाठीचा विचार करणारी ती पहिलीच मोठी जाहिरात असावी. काही ठिकाणी वेढे एका टोकाला दाट आणि दुसऱ्याला विरळ ठेवतात. दाट वेढे आधी मिटतात आणि उरलेले कडक लागतात. सर्वांत डौलदार उत्तर फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीचं. पॉल माजेस या तिथल्या अभियंत्यानं स्प्रिंग काढून तिच्या जागी बंद गोळ्यातला वायू आणि दाबाखालचं तेल आणलं. ते पहिल्यांदा १९५४ मध्ये एका मोटारीला लावलं, आणि तेही फक्त मागच्या चाकांना, कारण ओझ्याची चढउतार मागेच असते. मागे कितीही माणसं, सामान बसो, गाडी स्वतःहून आपल्या उंचीवर परत येई. पुढच्या वर्षी आलेल्या डीएस या त्यांच्या मोटारीनं तेच चारही चाकांना दिलं.

आता तेल. स्प्रिंग दणका गिळत नाही, साठवून ठेवते आणि पुढच्या क्षणी परत देते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर चार-पाच वेळा डोलते. तो हिशेब संपवतं स्प्रिंगच्या पोटातल्या नळीतलं तेल. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं अर्धवट दाबून दट्ट्या रेटला तर तो जसा हळूहळू जातो आणि नळी गरम होते, तसंच इथं होतं. दट्ट्यातल्या बारीक भोकांतून तेल घुसताना चाकाची हालचाल उष्णतेत बदलते आणि ती उष्णता वाऱ्याबरोबर जाते. दबताना ही भोकं मोठी असतात, उलटताना लहान, कारण दबणं पटकन व्हावं आणि परत येणं सावकाश. मोटारींच्या पहिल्या काळात हे काम घर्षणावर चालायचं: चामड्याच्या चकत्या पोलादाच्या चकत्यांमध्ये आवळून. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी असे शॉकअप विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात विकायला काढले. त्याच सुमारास फ्रान्सच्या मॉरिस उडाय यांनी तेलाचा मार्ग धरला आणि तोच टिकला.

तेलाला एकच शत्रू, हवा. खडबडीत रस्त्यावर दट्ट्या जोरात चालत राहिला की नळीतली हवा तेलात मिसळून फेस होतो, आणि फेस भोकांतून काहीही विरोध न करता निघून जातो. कापशी किंवा गारगोटीकडून लांबून आलेली गाडी शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये जास्त आपटते, यामागे थकव्याइतकाच हा फेसही असतो. फ्रान्सच्या ख्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यांनी १९५३च्या सुमाराला याचा बंदोबस्त केला: तेलावर दाबाखालचा नायट्रोजन, मधे एक सरकता पडदा, म्हणजे फेस व्हायला वावच नाही. पल्सरच्या शॉकअपवरची ‘नायट्रॉक्स’ ही अक्षरं त्याच वंशातली. आज असे शॉकअप बनवणारे मोठे कारखाने महाराष्ट्रातच आहेत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिकला, एन्ड्युरन्सचे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला. गाड्या तपासणारी ‘एआरएआय’ ही संस्थाही पुण्यात, १९६६ पासून.

तेल गेलंय हे ओळखायला यंत्र लागत नाही. सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी जोरात दाबायचं आणि सोडायचं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर तेल जिवंत. दोन-तीन वेळा डोलली तर मेलं. शॉकअपच्या दांड्यावर धुळीचा ओला काळा थर असेल तर ऑईल सील गेलंय. साध्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपचं तोंड बहुधा कारखान्यातच दाबून बंद केलेलं असतं, त्यामुळे पुढच्या शॉकअपसारखं त्यातलं तेल बदलता येत नाही. बदलायची ती जोडीच. एक नवा आणि एक जुना ठेवला तर चिमट्याची एक बाजू लवकर परत येते आणि दुसरी रेंगाळते, आणि वळणावर गाडी अंगाखालून सरकल्यागत होते.

मागचं चाक एकटं नसतं, हेही विसरता येत नाही. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर असलेल्या गाडीचं पुढचं चाक उंचवट्यावर गेल्यावर ताशी ४० किलोमीटर वेगानं मागचं चाक त्यावर पोचायला सेकंदाचा सुमारे नववा भाग लागतो. तोवर पुढचा भाग वर जाऊन परतीला लागलेला असतो. मग पुढचं खाली, मागचं वर, असं गाडी मान हलवत राहते. रोल्स-रॉईसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेले मॉरिस ऑली यांनी १९३०च्या दशकात वजनं इकडून तिकडे हलवता येणारी एक मोटार बांधून लोकांना तीत बसवलं आणि त्यांना काय सुखाचं वाटतं ते तपासलं. निष्कर्ष असा निघाला की मागची डुलकी पुढच्यापेक्षा थोडी जलद असली पाहिजे, म्हणजे उशिरा निघालेलं मागचं टोक पुढच्याला गाठतं आणि मान हलणं मिटतं. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला याची दुसरी बाजू माहीत असते. तो बाक मागच्या आसाच्याही मागे असतो, म्हणून गाडीचं मान हलवणं तिथं वाढून पोचतं. त्या बाकावर बसून राधानगरीचा घाटरस्ता उतरलेल्या माणसाला ऑलींचा सिद्धांत समजावून सांगायची गरज नाही.

गतिरोधकाबद्दल एवढंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार असावा. ताशी २५ किलोमीटरनं गेलं तर पाठ दुखू नये, असा तो हिशेब आहे. गावोगावी रातोरात उगवणारे अरुंद डांबरी बांध या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्यापुढे कुठलाही शॉकअप हात टेकतो.

मागून बसणारा मार बर्फावरच्या गाड्यांनाही चुकलेला नाही. गुलमर्गला सहलीला गेलेल्यांनी बर्फावर पळणाऱ्या मोटारी पाहिल्या असतील. सियाचिनमध्ये लष्करही त्या वापरतं. पुढे दोन पट्ट्या, मागे चाकाऐवजी रबरी पट्टा. कॅनडाच्या व्हालकूरमधल्या जोसेफ-आर्मां बाँबार्दिए यांचा लहान मुलगा १९३४च्या हिवाळ्यात दगावला, कारण बर्फानं रस्ते बंद होते आणि दवाखाना गाठता आला नाही. बर्फावरची गाडी हे त्यांचं वेड त्याआधीपासूनचं. आता ते ध्येय झालं. १९३७ मध्ये त्यांनी पट्टा फिरवण्याच्या जोडणीचं पेटंट घेतलं आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही हलकी गाडी बाजारात आणली. त्या काळच्या गाड्यांत पट्ट्याच्या आत छोटी छोटी चाकं होती, प्रत्येकाला आखूड स्प्रिंग. सीट बरोबर त्या पट्ट्यावर, म्हणून सगळा मार मागून. पुढे चाकांच्या जागी दोन लांब रुळांचा सांगाडा आला. त्यावरून रबरी पट्टा प्लास्टिकच्या कडेवर घसरत फिरतो, आणि त्या प्लास्टिकला वंगण व गारवा देतो तो बर्फच. बर्फ नसलेल्या रस्त्यावर तीच गाडी थोडी पळवली तर प्लास्टिक वितळतं. तिकडे जुन्या गाड्या बाळगणारे लोक मागचा त्रास कमी करण्यासाठी जे करतात ते वाचलं तर मुरगूडच्या गॅरेजमधलंच वाटतं: आपल्या वजनाची स्प्रिंग, तेलाचं काम, सांध्यांना ग्रीस, आणि स्प्रिंगची खाच योग्य जागी. मागच्या चाकाला जास्त जागा मिळवण्यासाठीची धडपडही दोन्हीकडे सारखीच. मोटारसायकलींत बेल्जियमच्या ल्युसियाँ तिल्केन्स यांची एकाच शॉकअपची रचना यामाहानं घेतली आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसन यांनी तिच्यावर २५० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. बर्फावर १९९०च्या दशकात जेरार्ड कार्पिक यांनी ‘एम-१०’ ही लांब हालचालीची जोडणी आणली, आणि ती जुन्या गाडीलाही बसत असे.

कामाचा क्रम म्हणाल तर स्वस्तापासून सुरू करावा. आधी टायरची हवा. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी दाब वेगळा असतो आणि तो चेनच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. पंक्चरवाला अंदाजानं मारतो तो नव्हे. गरजेपेक्षा जास्त फुगलेला टायर म्हणजे चौथ्या घातानं नसली तरी चांगलीच कडक झालेली स्प्रिंग. मग चेन. चिमटा वर-खाली होताना चेन कमी-जास्त ताणते. ती मुळातच आवळलेली असेल, तर माणूस बसल्यावर ताठ होते आणि चिमट्याला वर जाऊच देत नाही. नव्या शॉकअपचे पैसे देऊनही गाडी आपटते तेव्हा कितीदा तरी दोष या चेनचा निघतो. माणूस सीटवर बसलेला असतानाही मधोमध वीसेक मिलिमीटर ढिलाई राहिली पाहिजे. त्यानंतर बुश. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन मागचं चाक आडवं हलवायचं. चिमट्याच्या सांध्यापाशी खटका जाणवला तर बुश झिजलेत. शॉकअपच्या वरच्या-खालच्या डोळ्यांतले रबर फाटलेले असले, तर दर छोट्या खड्ड्याला ‘कट’ असा आवाज येतो आणि लोक स्प्रिंगला दोष देतात. हे रबर शॉकअपच्या मानानं फारच स्वस्त. चिमट्याचा बुश मिळत नसेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला नमुना बघून बनवून देतो. जुन्या येझदी आणि राजदूत जिवंत आहेत त्या याच लेथांच्या जोरावर. बुश बसवताना ग्रीस विसरू नये. कोरड्या सांध्यात चिमटा चिकटतो, आणि चिकटलेल्या चिमट्याला मऊ स्प्रिंगही कडकच लागते.

हे सगळं झाल्यावरही दाबून सोडलं की गाडी डोलत असेल तर शॉकअपची जोडी. नवी जोडी खालच्या खाचेवर बसवावी आणि मीटरपट्टीनं माप घ्यावं. नव्या स्प्रिंगा आणि नवे रबर पहिल्या काही आठवड्यांत थोडे दबतात, म्हणून तेच माप महिन्यानं पुन्हा, शक्यतो मागे नेहमी बसणारं माणूस बसवूनच.